एकटीची सोडत

"आज्जी, तुमचं नाव सोडतीत घालायची गरजच नाही," ती पोरगी म्हणाली. "बांबूकामात तुम्ही एकट्याच. गाळाही एकच. तो तुमचाच."

"बाकीच्यांची नावं भिंतीवर येणार न्हवं?"

"हो, पडद्यावर येतील. नाव आणि पुढं गाळ्याचा नंबर."

"मग माझं पण येऊ दे."

माझ्या शेजारी चांगुणा उभी होती. तिनं मला कोपरानं ढोसलं. "गोजरे, उगं कशाला? एकल्याची चिठ्ठी टाकत न्हाईत."

"वाचायला तूच शिकवलंस," मी म्हणाले. "आता भिंतीवरचं माझं नाव मला वाचू दे की."

पोरगी हसली. तेजल मुळीक तिचं नाव. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. नगरपालिकेच्या हॉलमध्ये टेबलावर कंप्युटर मांडून बसली होती. चेहरा दमलेला होता. नव्या मंडईच्या सोडतीचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं आणि सकाळपासून जो तो येऊन तिच्या कानाशी कुजबुजत होता. मी मात्र मोठ्यानं बोलले, त्याचं तिला बरं वाटलं असावं.

"सगळ्यांना एकच नियम," ती म्हणाली. "घालते तुमचं नाव."

आमच्या बाजारात जागांची सोडत काही नवी नव्हती. दर पाडव्याला चिठ्ठ्या टाकत. फळवाल्यांच्या फळवाल्यांत, भाजीवाल्यांच्या भाजीवाल्यांत. चिठ्ठ्या घालायला नवं कोरं सूप लागायचं आणि ते मी द्यायचं, हा आमच्या घराचा मान. ज्या धंद्यात एकच माणूस उरला असेल त्याची चिठ्ठी टाकायची नाही, त्याला त्याची जागा दाखवायची आणि हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा. मला ते खोबरं कितीतरी वर्षं मिळत होतं. बुरूड आळीतली पोरं कुणी रंगकामाला गेली, कुणी टेम्पोवर. सूप विणणारी मीच राहिले.

मागच्या पाडव्याला कुणीतरी चिठ्ठीला वेगळी घडी घातली म्हणून डोकी फुटली. त्यात जुना बाजार पाडून नवी मंडई बांधली, पक्के गाळे झाले, म्हणजे जी जागा येईल ती कायमची. म्हणून बाजार निरीक्षक बर्गे साहेबांनी ठरवलं, सूप नको, चिठ्ठी नको, माणसाचा हातच नको. कंप्युटर काढेल.

नकाशा मात्र माणसांनीच काढला होता. मोठ्या दाराशी फुलांचे गाळे, मग फळं, मग बांगड्या, मग भाजी. आणि पार मागं, पाण्याच्या टाकीजवळ, एकतीस नंबरचा गाळा. बांबूकाम. मागं का, ते कुणी बोललं नाही. मीही विचारलं नाही. माझ्याकडं सुपं, टोपल्या, परड्या असत. पण कुणाच्या घरी कुणी गेलं, की तिरडीचे दोन बांबू आणि कामट्याही माझ्याकडूनच जात. असला माल दाराशी नको, हे सांगायला कशाला लागतं?

जुन्या बाजारात हे कुणाला सुचलं नव्हतं. तिथं मी आणि चांगुणा मांडीला मांडी लावून बसायचो. ती गुरवाची, फुलं आणि बेल विकायची. तिची फुलं माझ्या परडीत. मयताला आलेला माणूस माझ्याकडून बांबू घ्यायचा आणि तिच्याकडून हार. दुपारी बाजार ओसरला की ती हार बांधायचे पेपरचे तुकडे माझ्यापुढं धरायची. "हे काय?" "ग." "आणि हे?" "ज." "मग गोजरे, तुझं निम्मं नाव आलं की!" केस पिकल्यावर मी अक्षरं शिकले, ती अशी. ती फार शिकलेली होती असं नाही, चौथीपर्यंतच. पण मला पुरली.

सोडत सुरू झाली. पहिली फुलं. पडद्यावर नावं एकाखाली एक यायला लागली. मी ओठ हलवत वाचत होते. चौथ्या ओळीवर चांगुणाचं नाव आलं आणि पुढं चार. चार नंबर म्हणजे बरोबर दाराच्या समोर. देवळाला जाणारा प्रत्येक माणूस तिथूनच वळणार. चांगुणानं माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी पिचली.

"नशीब काढलंस बये," मी म्हणाले.

"विलासचं लगीन आता जमंल बघ," ती म्हणाली. विलास तिचा लेक, तिच्या मागंच उभा होता. त्याला गाळ्यात काचेचं कपाट करायचं होतं, लग्नाच्या गाड्या सजवायच्या होत्या.

फळं झाली, बांगड्या झाल्या. दस्तगीर मणेराला कोपऱ्यावरचा गाळा आला आणि त्यानं तिथंच पेढे वाटायला काढले. भाजीवाल्यांची कुरकुर झाली, तीही थोडीच. आणि सगळ्यात शेवटी माझी ओळ आली.

गोजराबाई केशव बुरूड.

मी वाचलं. एकही अक्षर अडलं नाही. भिंतीवर हाताएवढी अक्षरं, आणि ती माझी. डोळ्यांत पाणी आलं म्हणून पुढचा आकडा मी जरा उशिरानं बघितला.

चार.

विलासच आधी म्हणाला, "हे काय? चार तर आमचा!"

"साहेब, एका गाळ्यात दोन नावं?" मागून कुणीतरी ओरडलं. "कुणी केलं हे?" "पुन्हा काढा! सगळी पुन्हा काढा!"

"पुन्हा कशाला?" दस्तगीर तोंडातला पेढा गिळून म्हणाला. "आमचं बरोबर आलंय. पेढे खाल्ले तुम्ही!"

चांगुणानं माझा हात सोडला. ती माझ्याकडं बघत होती, आणि तिचे डोळे मला ओळखीचे वाटेनात.

"म्हणून नाव घालायला लावलंस व्हय गोजरे?"

"काय बोलतीस चांगुणे?"

"सारी दुनिया म्हणतीया, एकलीची सोडत नको. तुलाच कसं सुचलं? त्या पोरीशी काय बोलत हुतीस सकाळी?"

"तुझ्या देखतच बोलले की!"

"ते माझ्या देखत. माझ्या माघारी काय बोललीस कुणाला ठावं?"

बर्गे साहेबांनी टेबलावर हात आपटला. "गप्प बसा! कंप्युटरला कुणी नातेवाईक नसतात. तो चुकत नाही."

"मग साहेब, गाळा कुणाचा?"

साहेब जरा घुटमळले. "शेवटी आलेलं खरं धरायचं, असं मला वाटतं."

म्हणजे माझा. मी उठून 'नको' म्हणायला हवं होतं, असं आज लिहिताना वाटतं. तेव्हा मी नुसती भिंतीवरच्या नावाकडं बघत होते.

तेजल मात्र मान खाली घालून बटणं दाबत होती. तिनं माझी ओळ पुन्हा काढली. आता पुढं सतरा आलं. पुन्हा काढली, बावीस. पुन्हा, नऊ. फुलवाल्यांची काढली तर एक ते सहातलेच आकडे, नुसते अदलाबदल झालेले. माझीच ओळ तेवढी मंडईभर भटकत होती. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "म्हातारी लय फिरतीया!"

पोरीनं डोकं धरलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"पाणी पी आधी."

"आज्जी, माझी नोकरी कच्ची आहे," ती हळू म्हणाली. "लोक म्हणतील मी पैसे खाल्ले."

"मी पण तेच ऐकतीया मघापासून."

ती पाणी प्यायली. मग पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उघडून वाचत राहिली. वाचता वाचता थांबली, कपाळावर हात मारला, आणि मला म्हणाली, "आज्जी, एखादं सूप आहे का इथं?"

सूप होतं. कुणी मागितलं नव्हतं, तरी जुन्या मानाचं म्हणून मी आणलेलं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं, कागदाचे सहा कपटे केले, आकडे घातले आणि उभी राहिली.

"ऐका जरा. मी कंप्युटरशी ज्या भाषेत बोलते ती आकडेमोडीची भाषा आहे. तिचं नाव आर."

"नुसतं आर?" दस्तगीर म्हणाला. "एका अक्षराची भाषा? मग गोजराबाईला येत असंल की."

हशा झाला. तीही थोडी हसली. "त्या भाषेत एक आज्ञा आहे, सॅम्पल. म्हणजे यातलं कोणतंही उचल. सुपात सहा चिठ्ठ्या दिल्या, तर या सहांतूनच उचलतं." तिनं कपटे हलवून दाखवले. मग सगळे काढले आणि एकच टाकला. "आता ही एकतीस नंबरची एकच चिठ्ठी. तुम्ही हात घातलात तर काय निघेल?"

"एकतीसच. दुसरं काय निघणार?"

"माणसाला एकतीसच निघेल. या आज्ञेचं तसं नाही. एकच आकडा हातात दिला, की ती त्याला चिठ्ठी समजतच नाही. तिला वाटतं तुम्ही मोजणी सांगताय. एक ते एकतीस, त्यातलं कोणतंही उचल. मी म्हटलं, या बाई एकतीस. तिनं ऐकलं, एकतीस जणांचा घोळका. म्हणून चार आला. बाकी कुणाचं काही चुकलेलं नाही. कारण बाकी कुणी एकटं नव्हतं."

"पण असं का करती ती?" चांगुणानंच विचारलं.

"ज्यांनी बनवली त्यांना तेच सोयीचं वाटलं. एकट्या माणसाची सोडत कोण काढतं? आम्ही याला डिफॉल्ट म्हणतो. म्हणजे तुम्ही वेगळं काही बोलला नाहीत, तर ती मनानंच काय धरून चालते, ते. लिहून ठेवलेलं असतं त्यांनी. मी वाचायला हवं होतं. चूक माझी." ती माझ्याकडं वळली. "यांची नाही."

गलका एकदम खाली बसला. कुणी म्हणालं, "जुनी माणसं म्हणतच होती, एकल्याची चिठ्ठी टाकू नये." चांगुणा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

बर्गे साहेबांनी घाम पुसला. "आता हे बाहेर गेलं तर उद्या पेपरात येईल. भिंतीचे फोटो काढलेत सगळ्यांनी." त्यांनी एकदा चांगुणाकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. "मी काय म्हणतो, चार नंबर आहे मोठा. तुम्ही दोघी जन्मभर शेजारी बसलात ना? मग दोघींची नावं राहू देत. अर्धा यांना, अर्धा त्यांना. एकतीसला आपण झाडू ठेवू. कुणाचंच काही चुकलं नाही, विषय मिटला."

माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं ते. मागच्या त्या गाळ्याकडं बाजाराचं माणूस वळणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सूप घ्यायला कुणी मुद्दाम चालत येत नाही. फुलं घेताना दिसलं तर घेतो माणूस. तिथं मागं फक्त मयताचे लोक येणार. इथं पुढं पुन्हा मांडीला मांडी. दुपारचं बोलणं, पेपरचे तुकडे. मी चांगुणाकडं बघितलं. सगळेच तिच्याकडं बघत होते. तिनं 'व्हय' म्हटलं की झालं होतं.

विलास तिच्या कानाशी वाकला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. त्यानं तिचा पदर मागून धरलेला तेवढा दिसला.

"साहेब," चांगुणा म्हणाली. ती माझ्याकडं बघत नव्हती, सुपाकडं बघत होती. "माझी ना न्हाई. पन फुलांस्नी सारखं पानी मारावं लागतं. आन् बांबूला पानी चालत न्हाई. तिचा माल कुजंल बिचारीचा."

साहेबांना बांबूतलं काय कळणार? "असं होय," ते म्हणाले. "हे मला ठाऊक नव्हतं."

जुन्या बाजारात आम्हा दोघींच्या मधोमध एक पत्र्याचा टब असायचा. त्यात माझ्या कामट्या भिजत. भिजल्याशिवाय कामटी वळत नाही, कडकन मोडते. त्याच टबातलं पाणी चांगुणा ओंजळीनं घेऊन दिवसभर फुलांवर शिंपडायची. "तुझ्या बांबूच्या पान्यानं माझा झेंडू टिकतो बघ," असं म्हणायची. सकाळी तो टब भरायचं कामही तिचंच होतं, कारण माझे गुडघे धरलेले.

तेजलनं माझ्याकडं बघितलं. "खरं का आज्जी? पाणी चालत नाही?"

मी तोंड उघडलं असतं, तर त्या हॉलमधल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी माझ्या बाजूनं साक्ष दिली असती. टब सगळ्यांनी बघितलेला होता. पण माझ्यासारखेच तेही गप्प होते. चांगुणा दमलेली दिसत होती, माझ्याइतकीच.

"व्हय," मी म्हणाले. "चालत न्हाई."

मी सूप उचललं, त्यातला एकतीसचा कपटा मुठीत घेतला आणि घरी गेले.

मागच्या गाळ्यात मी बसायला लागले. तेजल काही दिवसांनी एकदा आली. परडी हवी म्हणाली, पण परडीसाठी आली नव्हती. टाकीच्या नळाखाली माझ्या कामट्या बुडवलेल्या होत्या. ती त्या पाण्याकडं बराच वेळ बघत उभी राहिली.

"आज्जी, पाणी तर चालतं."

"चालतं."

"मग त्या दिवशी..."

"त्या दिवशी न्हवतं चालत."

ती खाली बसली. मग म्हणाली, "मी ती आज्ञा नीट केली. आता एकच आकडा असला, तर सोडत काढायची नाही, तोच द्यायचा, एवढं आधी सांगून ठेवते. एका ओळीचं काम होतं."

"तुझं यंत्र बरं बाई," मी म्हणाले. "एका ओळीत ऐकतंय."

चांगुणाचं आणि माझं भांडण काही झालं नाही. देवळात भेटलो तर ती म्हणायची, "बरी हाईस न्हवं?" मी म्हणायची, "बरी हाय." मागं ती कधी आली नाही. विलासच्या लग्नात मी जेवायला गेले होते, पंगतीत शेवटी बसले. त्यानं काचेचं कपाट केलं, मग दुसरं केलं. परड्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या पाट्या आल्या. मी दोष देत नाही. सुपाला गिऱ्हाईक उरलं नाही, तरी माझा गाळा चालला. गावात माणसं जन्माला येतात तशी जातातही, आणि त्या कामाला मागच्या बाजूलाच यावं लागतं. बसल्या बसल्या मी पेपर वाचायची. आता हे लिहिते आहे.

एके दिवशी सकाळी विलास आला. पांढरा शर्ट, पायांत चप्पल नाही. गाळ्याच्या बाहेरच उभा राहिला. त्याचेही केस आता पिकायला लागले होते.

"काकू," म्हणाला, आणि थांबला.

मी विचारलं नाही. हातातली कामटी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि टाकीपाशी गेले. कोरडे बांबू भिंतीला लावलेले होते. मी पाण्यातले बघितले. सरळ, हिरवे, एकसारख्या पेरांचे दोन निवडले. कामट्या मोजून बांधल्या. वर एक परडी ठेवली. जुनी होती, कुणी नेली नव्हती म्हणून राहिलेली.

विलासनं बांबू खांद्यावर घेतले तसं त्यातलं पाणी त्याच्या शर्टावर ओघळलं. तो दचकून बाजूला झाला, आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

"राहू दे," मी म्हणाले. "पाणी चालतं."